रेंजवर लेझर डोळ्यात गेला, आता नजरेत ठिपका दिसतो: सांगावं की गप्प बसावं?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा धाकटा भाऊ तोफखान्यात आहे. तीन आठवड्यांपूर्वी फायरिंग रेंजवर सराव चालू असताना समोरच्या टेकाडावरचा एक सहकारी लेझर रेंजफाइंडरने अंतर मोजत होता आणि हा नेमका त्याच दिशेला दुर्बिणीतून बघत होता. ‘डोक्यात फट्कन काहीतरी वाजल्यासारखं झालं आणि उजव्या डोळ्यापुढे पांढरा झोत आला,’ असं तो सांगतो. दुखलं नाही, डोळा लाल झाला नाही, म्हणून कुणाला काही बोलला नाही. आता सुट्टीवर घरी आलाय. उजव्या डोळ्याने बघताना मध्याच्या जरा बाजूला करडा ठिपका दिसतो आणि दाराची चौकट तिथे वाकडी होते. चष्म्याच्या दुकानात नजर ६/९ भरली आणि ‘नंबर नाही’ म्हणून सांगितलं. फॅमिली डॉक्टरांनी अँटिबायोटिक ड्रॉप्स दिले. ताईंचे प्रश्न असे: लेझरने खरंच असं होतं का, हे बरं होईल का, शत्रू डोळे घालवणारे लेझर वापरतो असं वाचलं तर हे तसलंच काही आहे का, आणि युनिटला सांगायला भाऊ तयार नाही, मेडिकल कॅटेगरी, म्हणजे लष्करातली तब्येतीची श्रेणी, जाईल म्हणतो, तर त्याचं काय करायचं.

मी रेटिनाची डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं लष्करी रुग्णालयांच्या नेत्रविभागात गेली, आता ठाण्यात प्रॅक्टिस करते. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत, डोळ्याचीही आणि कॅटेगरीचीही.

ताई, तुम्ही विचारलेल्या सगळ्या प्रश्नांमागे एकच प्रश्न आहे, तो शेवटचा. बाकीच्यांची उत्तरं तपासणीतून मिळतील. पण भाऊ गप्प राहिला तर ती तपासणीच होणार नाही, किंवा झाली तरी तिचा त्याला पुढे काही उपयोग होणार नाही. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगते: याच आठवड्यात त्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याच्या थरांचं चित्र, व्हायला हवा, आणि झाल्या प्रकाराची नोंद लष्करी डॉक्टरांकडे व्हायला हवी. असं का म्हणते ते आता सविस्तर लिहिते.

पहिलं, लेझरने असं होतं का. होतं. तुम्ही वर्णन केलेलं चित्र, म्हणजे क्षणात झोत, ‘फट्’ असा भास, दुखणं नाही आणि मग मध्याजवळ स्थिर ठिपका, हे रेंजफाइंडरच्या इजेशी चांगलंच जुळतं. त्याचं कारण डोळ्याच्या रचनेत आहे. साधारण ४०० ते १४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बुबुळ आणि भिंग यांतून आरपार जातो आणि पडद्यावर एकवटतो. यातला ७०० च्या आसपासपर्यंतचा प्रकाश आपल्याला दिसतो, त्यापुढचा अवरक्त प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यात शिरतो तितक्याच सहज. बाहुली ७ मिलिमीटर उघडी असेल आणि पडद्यावर पडणारा बिंदू २० मायक्रॉनचा असेल, तर गणित करून बघा: क्षेत्रफळ लाखाहून जास्त पटीने आकसतं. म्हणजे बुबुळावर पडलेली ऊर्जा पडद्यावर पोचेपर्यंत लाखपट दाट झालेली असते. घरातल्या दिव्याचा प्रकाश सगळ्या दिशांना पसरलेला असतो, तो इतक्या बारीक बिंदूत कधी येत नाही. लेझरचे किरण एकमेकांना जवळजवळ समांतर असल्यामुळे येतात.

रेंजफाइंडर चालतो तो प्रकाशाला लागणाऱ्या वेळावर. यंत्र एक स्पंद सोडतं, तो लक्ष्यावर आपटून परत येतो, आणि गेलेल्या वेळावरून अंतर निघतं. तीन किलोमीटरवरच्या लक्ष्याला जाऊन यायला प्रकाशाला २० मायक्रोसेकंद लागतात. अंतर अचूक यायचं तर स्पंदही तसाच तोकडा लागतो, काही नॅनोसेकंदांचा. डोळ्याचं संरक्षण इथेच कोलमडतं. झगझगीत उजेड पडला की आपण पाव सेकंदात पापणी मिटतो किंवा मान वळवतो. कमी शक्तीच्या पॉइंटरपुरतं ते पुरतं, म्हणून तर १ मिलिवॉटपर्यंतचे दिसणारे लेझर दुसऱ्या वर्गात, तुलनेने निर्धोक, धरलेले आहेत. पण १० नॅनोसेकंदांचा स्पंद धरला तर पापणी मिटेपर्यंतच्या वेळात असे अडीच कोटी स्पंद मावतील. आणि प्रकाश अवरक्त असेल तर पापणी मिटायचं कारणच उरत नाही, कारण काही दिसतच नाही.

इतक्या कमी वेळात ऊर्जा पडली की पडदा नुसता भाजत नाही. पडद्यातल्या रंगद्रव्याच्या पेशी ती ऊर्जा शोषतात, तिथलं पाणी क्षणात फुगतं आणि एक बारीकसा स्फोट होतो. आजूबाजूचे थर फाटतात, कधी रक्तस्राव होतो, कधी मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला, आरपार भोक पडतं. तुमच्या भावाने ‘फट् वाजलं’ असं सांगितलं ते म्हणूनच मी गांभीर्याने घेते. असं वर्णन मी इतरांच्या तोंडूनही ऐकलंय, आणि ते ज्याला हा प्रकार माहीत नाही तो सहसा स्वतःहून रचून सांगत नाही.

आता दुर्बीण. ती या गोष्टीतला सर्वांत वाईट भाग आहे. ७ बाय ५० ची दुर्बीण ५० मिलिमीटरच्या भिंगाने प्रकाश गोळा करते आणि तो सगळा ७ मिलिमीटरच्या बाहुलीत ओतते. उघड्या डोळ्यात शिरला असता त्याच्या जवळपास ५० पट. ज्या अंतरावर साध्या डोळ्याला काही झालं नसतं, त्या अंतरावर दुर्बीण लावलेल्याचा पडदा जाऊ शकतो. सैनिकांना लेझरचा धोका सामान्य माणसापेक्षा जास्त का, तर त्यांच्या भोवती यंत्रं जास्त असतात हे एक, आणि त्यांचं कामच भिंगांतून बघण्याचं असतं हे दुसरं. निरीक्षक, गनर, रणगाड्यातला माणूस, सगळे दिवसभर नेम धरायच्या कुठल्या ना कुठल्या साइटला डोळा लावून बसलेले. काही साइटमध्ये लेझर अडवणारे फिल्टर बसवलेले असतात. साध्या दुर्बिणीत असतीलच असं नाही.

पण इथे एक ‘जर’ आहे, तो लपवणार नाही. रेंजफाइंडर कोणत्या तरंगलांबीचा होता यावर पुष्कळ काही ठरतं. जुन्या पिढीतले बरेच रेंजफाइंडर आणि लक्ष्य दाखवून देणारे डेझिग्नेटर १०६४ नॅनोमीटरवर चालतात. ही तरंगलांबी दिसत नाही आणि थेट पडद्यावर जाते. नव्या पिढीतले पुष्कळसे १५४० ते १५५० च्या आसपास चालतात. हा प्रकाश बुबुळातल्या आणि त्यामागच्या पाण्यात शोषला जातो, पडद्यापर्यंत पोचत नाही, म्हणून त्यांना ‘आय-सेफ’ म्हणतात. आय-सेफ याचा अर्थ काहीच होत नाही असा नव्हे, जास्त ऊर्जेने बुबुळ भाजू शकतं. पण पडद्यावर ठिपका पडण्याची शक्यता तिथे फार कमी. तेव्हा यंत्रावरच्या पिवळ्या लेबलावर तरंगलांबी आणि वर्ग काय लिहिलाय ते भावाला आठवत असेल तर त्याने तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. ताई, यंत्राचं नाव, युनिट, रेंजचं ठिकाण असलं काही मात्र इथे सगळ्यांसमोर लिहू नका. डॉक्टरांना त्या दोन आकड्यांची गरज आहे, बाकी कशाची नाही. अंतर किती होतं, झोत सरळ आला की एखाद्या काचेवरून वा पत्र्यावरून परतून आला, याचाही फरक पडतो. तेही सांगावं.

समजा यंत्र आय-सेफ निघालं, तर ठिपक्याचं दुसरं कारण शोधावं लागेल. तरुण पुरुषांत, विशेषतः ताणाखाली असलेल्यांत, पडद्याखाली पाणी साठण्याचा एक आजार दिसतो, त्यातही मध्यात करडा डाग आणि वाकड्या रेषा येतात. सूर्याकडे बघितल्याने होणारी इजाही ओसीटीवर लेझरसारखीच दिसते. उलटंही सांगते: ज्यांच्या चेहऱ्यावर लेझर पडला आणि मग डोळा दुखतो, पाणी येतं, लाल होतो, त्यांच्यात बहुतेक वेळा पडद्याला काहीच झालेलं नसतं. घाबरून डोळा चोळल्यामुळे बुबुळावर ओरखडा आलेला असतो. पडद्याला वेदना कळत नाही. तुमच्या भावाला दुखलं नाही ही दिलासा देणारी गोष्ट नव्हती, पण त्याला ते कळायला मार्ग नव्हता.

चष्म्याच्या दुकानातल्या ६/९ वरही फार विसंबू नका. तक्ता वाचताना माणूस नकळत डोळा जरासा तिरका करतो आणि ठिपक्याच्या बाजूने अक्षर टिपतो. लष्करी रुग्णालयात एक जवान आला होता, तो ६/६ ची ओळ अडखळत का होईना पण पूर्ण वाचायचा. तक्रार एवढीच होती की रायफलीच्या फोरसाइटचं टोक हरवतं. लक्ष्य दिसतं, टोक दिसतं, पण दोन्ही एका रेषेत आणायला गेलं की टोक नाहीसं. बाहुली मोठी करून पडदा बघितला तर मॅक्युलाच्या मध्याला लागून पिवळट करडा बारीक डाग होता. ओसीटीत पडद्याचे थर एकावर एक पट्ट्यांसारखे दिसतात आणि खालच्या बाजूला एक पांढरी, रेखीव रेष असते, ती प्रकाश टिपणाऱ्या पेशींची. त्या जवानाच्या चित्रात ही रेष सलग येत होती, एका जागी तुटत होती आणि पुढे पुन्हा सुरू होत होती. तुटलेली जागा केसाच्या दोन-तीन जाडीएवढी असेल. त्याने कागदावर पेन्सिलीने दाखवलेला ठिपका आणि ती तुटलेली जागा बरोबर जुळत होती. निदान असं होतं, डोळा बघून अंदाजाने नव्हे.

ही जुळवाजुळव तुम्ही घरीच सुरू करू शकता. मुलांची गणिताची चौकटींची वही घ्या. पानाच्या मध्यावर पेनाने ठळक ठिपका काढा. भावाला डावा डोळा तळहाताने झाकायला सांगा, दाबायला नव्हे. वही फूटभर अंतरावर, चांगल्या उजेडात. त्याने नजर ठिपक्यावरून हलवायची नाही आणि न हलवताच सांगायचं की कुठल्या चौकटी वाकड्या दिसतात, कुठल्या पुसट, कुठल्या गायब. मग तोच भाग पेन्सिलीने त्याच्या हातून रंगवून घ्या, तारीख घाला, ‘उजवा’ असं लिहा. डाव्या डोळ्याचंही दुसऱ्या पानावर तसंच करा, कारण दुर्बिणीला दोन नळ्या असतात. डॉक्टरांकडे हे कागद घेऊन जा. पुढचे काही महिने आठवड्यातून एकदा नवं पान करत राहा, त्याचं कारण पुढे सांगते.

ओसीटीला डोळ्याला काही टोचत नाही, हनुवटी टेकवून काही मिनिटं बसायचं. ठाण्यात, वाशीत, ऐरोलीच्या जवळपासही रेटिनाच्या बहुतेक दवाखान्यांत सोय आहे. सोबत पडद्याचा फोटो काढून घ्या, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर ऑटोफ्लुरेसन्स किंवा रंग टोचून काढायची अँजिओग्राफी. तीन आठवडे गेलेत, त्यामुळे सुरुवातीची सूज किंवा थोडंफार रक्त असेल तर ते आता उतरलं असेल. पण तुटलेली रेष अजून दिसेल. आणखी तीन महिन्यांनी ती भरून येऊ शकते. डोळ्यासाठी ते चांगलंच, पण मग काय झालं होतं याचा पुरावा मात्र हातात राहणार नाही.

बरं होईल का, याचं उत्तर ठिपका नेमका कुठे आहे त्यावर आहे. मॅक्युलाच्या अगदी मधली, बारीक अक्षरं वाचणारी जागा मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश एवढी असते. डाग तिच्या बाहेर असेल आणि लहान असेल तर पहिल्या काही आठवड्यांत ते महिन्यांत बरीच सुधारणा होते, मेंदूही त्या ठिपक्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. डाग नेमका त्या मध्यावर असेल आणि सगळे थर फाटले असतील, तर काही नुकसान कायमचं राहतं. तुमच्या भावाचा ठिपका ‘मध्याच्या जरा बाजूला’ आहे आणि नजर ६/९ आहे, ही दोन चिन्हं मला बरी वाटतात. याहून जास्त आश्वासन ओसीटी बघितल्याशिवाय देणं योग्य नाही.

औषधाबद्दल स्पष्ट सांगते. फाटलेला पडदा जोडणारं औषध आज नाही. अँटिबायोटिक ड्रॉप्सचा इथे उपयोग नाही, जंतूंचा संबंधच नाही. सूज कमी व्हावी म्हणून काही डॉक्टर सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइड देतात, त्याने फायदा होतोच याचा भक्कम पुरावा नाही, आणि तीन आठवड्यांनंतर तर मी देणार नाही. वर सांगितलेला पाणी साठण्याचा आजार असेल तर स्टेरॉइडने तो उलट बळावतो, म्हणून निदान होईपर्यंत कुणी गोळ्या लिहून दिल्या तरी घेऊ नयेत. डोळ्यांची ताकद वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर पैसे घालवू नका.

मग तपासून उपयोग काय, असं भाऊ म्हणेल. उपयोग आहे, कारण या इजेच्या मागून येणाऱ्या काही गोष्टींवर मात्र इलाज आहे आणि तो वेळेवर करावा लागतो. भोक पडलं असेल आणि ते आपोआप बुजलं नाही, तर शस्त्रक्रियेने बंद करता येतं. जखमेच्या जागी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवू शकतात, त्या गळतात आणि बरी होत आलेली नजर पुन्हा ढासळते. त्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत आणि लवकर दिली तर ती चांगली काम करतात. चौकटींच्या वहीचं पान दर आठवड्याला करायला सांगितलं ते यासाठीच. वाकडेपणा कमी होत होता आणि अचानक वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

आता शत्रूच्या लेझरबद्दल. तुम्ही वाचलेलं खोटं नाही, पण तुमच्या भावाच्या बाबतीत ते लागू नाही. फॉकलंडच्या युद्धात, १९८२ मध्ये, ब्रिटिश नौदलाने वैमानिकांना दिपवणारे लेझर जहाजांवर बसवले होते, प्रत्यक्षात ते वापरले गेले नाहीत. १९९५ मध्ये चीनचं डोळे घालवू शकणारं झेडएम-८७ हे यंत्र शस्त्रप्रदर्शनात विक्रीला मांडलेलं दिसलं. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला व्हिएन्नामध्ये आंधळं करणाऱ्या लेझर शस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार (प्रोटोकॉल) मंजूर झाला, ३० जुलै १९९८ ला लागू झाला, आणि भारतानेही तो स्वीकारलेला आहे. एखादं शस्त्र रणांगणावर सर्रास वापरात येण्याआधीच त्यावर बंदी येणं फार विरळा, आणि डोळ्यांची डॉक्टर म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

पण त्या प्रोटोकॉलची मर्यादाही समजून घ्या. बंदी आहे ती उघड्या किंवा चष्मा लावलेल्या डोळ्याला कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेल्या शस्त्रांवर. रेंजफाइंडर, डेझिग्नेटर ही त्यात येत नाहीत. तात्पुरतं दिपवणारी यंत्रंही येत नाहीत. अशा दिपवण्याच्या घटना शांततेच्या काळातही घडतात. २०१८ मध्ये जिबूतीत अमेरिकी वैमानिकांच्या डोळ्यांना चिनी तळाकडून आलेल्या लेझरने इजा झाल्याची तक्रार अमेरिकेने केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये अराफुरा समुद्रावर ऑस्ट्रेलियाच्या टेहळणी विमानावर चिनी युद्धनौकेने लेझर मारल्याचं ऑस्ट्रेलियाने सांगितलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये फिलिपिन्सच्या तटरक्षक जहाजावरच्या लोकांना अशाच लेझरने काही वेळ दिसेनासं झालं. यातला मोठा धोका तात्काळ असतो: विमान उतरवताना, रात्री गाडी चालवताना काही सेकंद काहीच न दिसणं. पडदा बहुधा वाचतो, माणूस वाचेलच असं नाही. नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात गच्चीवरून आकाशात हिरवा पॉइंटर मारणाऱ्या पोरांना आई-वडिलांनी एवढं समजावून सांगावं.

सैनिकांच्या पडद्याला झालेल्या ज्या इजांचं निदान पक्कं आहे, त्यांत शत्रूच्या हल्ल्यापेक्षा आपल्याच बाजूच्या यंत्रांचे अपघात ठळकपणे दिसतात. सराव, दुरुस्ती, तपासणी, आणि ‘बंद आहे’ समजून समोर धरलेलं यंत्र. तुमच्या भावाचा प्रकार याच जातीचा. याच्यावरचा उपाय महागडा नाही: समोर माणसं नाहीत याची खात्री, काचेच्या आणि चकचकीत लक्ष्यांवर लेझर न मारणं, झोत अडवणारा उंचवटा मागे असणं, आणि योग्य तरंगलांबीचे गॉगल. गॉगलवर ‘ओडी’ म्हणून आकडा असतो, ५ म्हणजे लाखातला एक भाग आत जातो, पण तो आकडा ठराविक तरंगलांबीपुरताच खरा. हिरव्या लेझरचा गॉगल १०६४ ला उघडा असू शकतो. आणि रात्री गडद गॉगल घालून काम होत नाही म्हणून तो काढला जातो, ही खरी अडचण आहे, नुसत्या हुकमाने ती सुटत नाही.

इथे राबाळे-महापे पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये काम करणारे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. मार्किंग आणि कटिंगच्या फायबर लेझर मशिनची तरंगलांबीही १०६४ ते १०८० च्या घरात असते. तेच न दिसणारं अवरक्त. झाकण उघडं ठेवून, इंटरलॉक (झाकण उघडलं की लेझर थांबवणारी सोय) बायपास करून जॉब लावणाऱ्याला तोच धोका आहे, आणि तिथे लष्करासारखं पाठीशी कुणी नसतं. मिरवणुकीतल्या लेझरचंही तेच. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर नाशिकला तरुणांच्या पडद्याला इजा झाल्याचं नेत्रतज्ज्ञांनी समोर आणलं. माझ्याकडेही मिरवणुकीत नाचून आलेली पोरं येतात, ‘घड्याळाचे आकडे दिसतात पण काट्यांचा खिळा दिसत नाही’ म्हणत.

आता कॅटेगरी. भावाची भीती मी उडवून लावणार नाही. तपासणीत ‘शेप’ या लष्करी तब्येत-श्रेणीतला ‘ई’, म्हणजे नजरेचा भाग, खाली आला तर कोर्स, बढती, पोस्टिंग यांवर परिणाम होऊ शकतो, हे खरं आहे. तो किती होईल हे इजेवर आणि त्याच्या कामावर ठरेल, मी इथून सांगू शकत नाही. पण अशा इजेत आधी सहसा तात्पुरती कॅटेगरी देऊन ठराविक मुदतीने पुन्हा तपासतात. सुधारणा झाली तर वर घेतात. आणि त्याच्या बाबतीत सुधारणेची आशा आहे.

लपवलं तर काय होईल ते बघा. वार्षिक तपासणीत किंवा फायरिंगमध्ये हे कधीतरी उघडं पडणारच, उजवा डोळा नेमबाजीचा आहे. तेव्हा ‘हे ड्युटीवर झालं’ हे कशावरून म्हणायचं? रेंजचा दिवस, समोरचा सहकारी, यंत्राची नोंद हे सगळं आज ताजं आहे. इंजुरी रिपोर्ट वेळेवर झाला तर इजा सेवेमुळे झाली हे कागदावर येतं, आणि पुढे दुर्दैवाने नजर अधू राहिलीच तर त्याच्या हक्काचं जे काही आहे ते त्या कागदावर उभं राहतं. दोन वर्षांनी खाजगी दवाखान्यातली एक चिठ्ठी घेऊन हे सिद्ध करायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत. फार हेलपाटे होतात.

दुसरी गोष्ट भावाला तुम्ही थोरली बहीण म्हणून सांगा. तो रेंजफाइंडर त्याच टेकाडावर पुन्हा लागणार आहे, आणि पुढच्या वेळी समोर दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ दुर्बीण लावून असेल. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून हे सांगायचं नाही. ज्या सहकाऱ्याच्या हातात यंत्र होतं त्याचा हेतू वाईट नव्हता, हे भावाने स्वतःच जबानीत म्हणावं. पण त्या जागी माणसं कशी उभी करायची हे बदलायचं असेल तर वरिष्ठांना आधी कळायला तर हवं.

प्रत्यक्षात असं करा. सुट्टीवर असला तरी सेवेतला सैनिक जवळच्या लष्करी रुग्णालयात दाखवू शकतो, तुम्हाला सर्वांत जवळचं मोठं म्हणजे कुलाब्याचं नौदलाचं आयएनएचएस अश्विनी. ओळखपत्र आणि रजेचा दाखला सोबत ठेवावा. आधी युनिटच्या मेडिकल ऑफिसरना फोन करून ‘रेंजवर अमुक दिवशी असं झालं, आता ही तक्रार आहे, अश्विनीला जातोय’ एवढं सांगावं. तिथली वेळ लगेच मिळत नसेल तर ओसीटी इथे करून घ्या आणि रिपोर्टसोबत स्कॅनची मूळ चित्रंही मागून घ्या, नुसता निष्कर्षाचा कागद पुरत नाही. काळं झाकण पडल्यासारखं वाटलं, अचानक काळे ठिपके तरंगू लागले किंवा नजर एकदम उतरली, तर मात्र फोनाफोनी न करता त्याच रात्री जवळच्या कुठल्याही नेत्ररुग्णालयात न्या.

तपासणीला जाताना त्याच्यासोबत तुम्ही किंवा घरातलं कुणीतरी जा, आणि त्याला बाइकवर जाऊ देऊ नका. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. परतताना लोकलने या, गॉगल सोबत ठेवा.